ऊब शिकायची तर एसीच्या वर्गात जा

दिल्लीत घर गरम ठेवण्याची कामं शिकवणारी सरकारी योजना शोधायला बसलात, तर त्या नावाची एकही सापडणार नाही. इंग्लंडमध्ये सापडते. तिथे 2023 पासून सरकारने ‘हीट ट्रेनिंग ग्रँट’ नावाखाली हीट पंप बसवायला शिकणाऱ्या कारागिराला पाचशे पौंडांपर्यंत फी-सवलत दिली. घरमालकाला गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवायचा असेल, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये साडेसात हजार पौंडांचं वेगळं अनुदान आहे. लंडन, स्लाऊकडे स्थायिक झालेल्या नातेवाइकांशी हिवाळ्यात बोलताना हा विषय निघतोच. मग इकडे दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये रॉडच्या हीटरसमोर पाय शेकत बसलेल्या माणसाला वाटतं, आपल्याकडे यातलं काहीच नाही.

पैसा आपल्याकडेही आहे. तो वेगळ्या पाट्यांखाली ठेवलेला आहे: एक पाटी थंडाव्याची, दुसरी सूर्याची आणि तिसरी जुन्या आयटीआयची. हा लेख त्या पाट्या ओळखण्यासाठी आहे. दिल्लीतल्या मराठी घरातला बारावी झालेला मुलगा, आयएनए मार्केटच्या आसपास दुकान चालवणारा एसी मेकॅनिक, प्लंबरच्या हाताखाली काम करणारा गावाकडचा भाचा आणि कॉलनीच्या आरडब्ल्यूएमध्ये बसणारे काका-काकू, अशा चौघांसाठी तो लिहिला आहे.

आधी काम कुठलं ते पाहू. दिल्लीची थंडी खरी बोचते ती डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. किमान तापमान पाच-सात अंशांवर येतं, धुकं दुपारपर्यंत हटत नाही. युरोपासारखी सहा महिने घर तापवण्याची इथे गरज नसते. इथली ऊब दोन ठिकाणी लागते, आंघोळीच्या पाण्यात आणि संध्याकाळनंतर एखाद्या खोलीत. पाण्याचा खर्च वर्षातले चार-पाच महिने चालतो, खोलीचा दीड-दोन महिने. त्यामुळे कमी कार्बनची ऊब म्हणजे दिल्लीत मुख्यतः गरम पाणी, आणि त्यामागून खोली.

आता हिशेब. चौघांच्या घराला सकाळी शंभर लिटर गरम पाणी लागतं असं धरा. टाकीतलं पाणी पंधरा अंशांचं आणि ते चाळीसवर न्यायचं, तर सुमारे तीन युनिट वीज लागते. साधा गिझर तीन युनिट घेऊन तीन युनिटची उष्णता देतो. त्यातून अधिक निघूच शकत नाही. हीट पंप मात्र हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो आणि विजेचा उपयोग फक्त ती ओढण्यासाठी करतो. म्हणून तेच पाणी एका युनिटच्या आसपास तापतं. देशाच्या ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे लक्षात घेतलं तर रोजच्या दोन युनिटच्या बचतीचा अर्थ कळतो. सूर्यावर पाणी तापवलं तर वीज जवळजवळ लागतच नाही. शंभर लिटरचा सौर बंब वर्षाला पंधराशे युनिटपर्यंत वीज वाचवतो, असं केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचं म्हणणं आहे. पण धुक्याच्या आठवड्यात त्याला विजेच्या कॉइलची जोड लागतेच, हे दिल्लीकराला सांगायला मंत्रालयाची गरज नाही.

खोलीचं गणित आणखी रोखठोक आहे. दोन हजार वॉटचा हीटर रोज तीन तास चालवला तर महिन्याला 180 युनिट होतात. दिल्लीत घरगुती ग्राहकाला महिना 200 युनिटपर्यंत वीज मोफत आणि 201 ते 400 युनिटला कमाल 800 रुपयांपर्यंत अर्ध्या बिलाची सवलत मिळते. म्हणजे एकटा हीटर मोफतची मर्यादा जवळजवळ खाऊन टाकतो. तीच खोली ‘हॉट अँड कोल्ड’ एसीने गरम केली तर साठ-सत्तर युनिटमध्ये भागतं, कारण हा एसी म्हणजे उलटा फिरवलेला हीट पंपच आहे. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात बाहेरची आत आणतो.

म्हणून या लेखाचं म्हणणं एवढंच की दिल्लीत कमी कार्बनच्या उबेचा कारागीर नव्याने जन्माला घालायचा नाही. तो उन्हाळ्यात तुमच्या घरी येऊन एसीत गॅस भरून जातो. त्याच्या जोडीला प्लंबर आणि सोलरवाला आला की काम पूर्ण होतं. सरकारचा पैसा याच तिघांच्या शिक्षणावर खर्च होतो, फक्त त्यावर ‘ऊब’ हा शब्द लिहिलेला नसतो.

थंडाव्याची पाटी

मार्च 2019 मध्ये केंद्राने ‘इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅन’ जाहीर केला. एक लाख एसी-रेफ्रिजरेशन तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं लक्ष्य त्यात होतं. मागे कारण होतं ओझोनचं आणि तापमानवाढीचं: एसीतला जुना आर-22 वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं बंधन माँट्रियल करारामुळे भारतावर आहे, आणि सप्टेंबर 2021 मध्ये भारताने त्याच कराराची किगाली दुरुस्तीही मान्य केली. पर्यावरण मंत्रालयाचा ओझोन सेल आणि कौशल्य विकास मंत्रालय यांनी मिळून हे प्रशिक्षण ‘प्रधानमंत्री कौशल विकास योजने’शी जोडलं. मेकॅनिक लोक तिला पीएमकेव्हीवाय म्हणतात.

ही योजना 15 जुलै 2015 ला सुरू झाली. आताची आवृत्ती चौथी. फेब्रुवारी 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ‘स्किल इंडिया’ची फेरमांडणी केली, तेव्हा एकूण 8,800 कोटी रुपये मार्च 2026 पर्यंतच्या काळासाठी मंजूर झाले आणि त्यातले 6,000 कोटी एकट्या या योजनेचे होते. वयोमर्यादा 15 ते 59. उमेदवाराला फी नसते; प्रशिक्षण केंद्राला पैसे सरकार देतं. नोंदणी ‘स्किल इंडिया डिजिटल हब’ या पोर्टलवर होते. योजनांचे कालावधी बदलतात, म्हणून घरून निघण्याआधी पोर्टलवर तुमच्या भागातली बॅच मंजूर झालेली आणि तारीख लागलेली दिसते का, ते पाहा. केंद्रचालकाने ‘येईल, येईल’ म्हटलं तर घरी परत या.

यात दोन दरवाजे आहेत आणि चुकीच्या दारात उभं राहून अनेकांचा वेळ जातो. नवशिक्यासाठी अल्पकालीन प्रशिक्षण असतं. जो दहा वर्षं कॉम्प्रेसर बदलतोय त्याने तिथे जाऊ नये. त्याच्यासाठी दुसरा दरवाजा आहे, पूर्वशिक्षणाला मान्यता देण्याचा. सगळे त्याला आरपीएल म्हणतात. यात आधी येत असलेल्या कामाची परीक्षा होते, उणीव असेल तेवढं शिकवलं जातं आणि प्रमाणपत्र मिळतं. जो उस्तादाकडे राहून काम शिकला, कागद एकही नाही, अशा मेकॅनिकला ही वाट सरळ पडते. पहिल्याच दिवशी केंद्राला विचारा: ‘एसीच्या फील्ड टेक्निशियनची आरपीएल बॅच आहे का?’

केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. पीएमकेव्हीवायच्या पहिल्या काही वर्षांची तपासणी कॅगने केली. डिसेंबर 2025 मध्ये संसदेत आलेल्या त्या अहवालात उमेदवारांच्या बँक खात्यांचे रकाने मोठ्या प्रमाणावर रिकामे किंवा भलत्याच आकड्यांनी भरलेले आढळले. यावरून उमेदवाराने घ्यायचा धडा व्यवहाराचा आहे. आपला आधार क्रमांक, मोबाइल आणि बँक खातं एकमेकांशी जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन तपासा, पोर्टलवरची आपली माहिती स्वतः उघडून पाहा, दुसऱ्याच्या मोबाइल नंबरवर नोंदणी करू देऊ नका. आणि ‘रजिस्ट्रेशनचे दोन हजार द्या’ म्हणणारा एजंट भेटला तर तो योजनेचा माणूस नव्हे.

केंद्राची खरी परीक्षा मात्र वर्कशॉपमध्ये होते. प्रॉस्पेक्टसवर वेळ घालवू नका. आत जाऊन विचारा की व्हॅक्यूम पंप चालू आहे का, नायट्रोजनचा सिलिंडर भरलेला आहे का, गॅस तोलायचा डिजिटल काटा कुठे आहे, वायू परत काढून घेणारं रिकव्हरी मशीन आहे का, आणि उलट चालणारा एक तरी एसी भिंतीवर बसवलेला आहे का. पाचपैकी तीन गोष्टी कपाटात कुलपात असतील, तर तिथे तुम्ही खडूने काढलेल्या आकृत्या शिकून बाहेर पडाल.

या वस्तूंचा एवढा आग्रह का, ते समजून घ्या. विषयाचा गाभा तोच आहे. एसीतला एक किलो आर-410ए वायू हवेत सुटला, तर त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका होतो. विजेच्या भाषेत जवळपास तीन हजार युनिट. म्हणजे एखाद्या घराने गिझर काढून हीट पंप बसवला, चार वर्षं वीज वाचवली, आणि मग मेकॅनिकने दुरुस्तीच्या वेळी नटबोल्ट सैल करून सगळा वायू गॅलरीतून सोडून दिला, तर सगळी कमाई एका दुपारी गेली. नव्या एसींमध्ये येणाऱ्या आर-32 चा परिणाम याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका आहे, पण तो थोडासा ज्वलनशील असतो. प्रोपेन म्हणजे आर-290 वातावरणाला जवळजवळ निरुपद्रवी, पण चांगलाच पेटणारा. म्हणून कमी कार्बनची यंत्रणा ही कमी कार्बनच्या हातांनीच बसवावी लागते. मशीन आयात करता येतं, हात इथेच तयार करावे लागतात.

गॅस भरण्याच्या दिल्लीतल्या रूढ पद्धतीत गेजवर दाब बघतात आणि अंदाजाने ‘हो गया’ म्हणतात. उन्हाळ्यात ते कसंबसं चालून जातं. हिवाळ्यात एसी उलटा चालतो तेव्हा दाबांची गणितं बदलतात आणि अंदाज फसतो. कंपनीच्या पाटीवर ग्रॅममध्ये लिहिलेलं वजन काट्यावर तोलूनच भरावं लागतं. आधी नायट्रोजन भरून गळती पाहायची, मग व्हॅक्यूम पंपाने पाइपमधली हवा आणि ओल पूर्ण काढायची, मग गॅस. फ्लेअर नट अंगाच्या जोराने न आवळता टॉर्क रेंचने आवळायचा. उलट दिशेने चालवणारा फोर-वे व्हॉल्व्ह अडकला तर कसा ओळखायचा, थंडीत बाहेरच्या युनिटवर बर्फाचा थर चढल्यावर मशीन काही मिनिटं थांबून तो वितळवतं तेव्हा ग्राहकाला ‘बिघाड नाही’ हे कसं समजावायचं, हेही शिकावं लागतं. हे शेवटचं अभ्यासक्रमात नसेल तर मास्तरांकडून मागून घ्या. जानेवारीतल्या बऱ्याच तक्रारी याच असतात.

आणि फक्त थंड करणाऱ्या साध्या एसीला ‘हॉट अँड कोल्ड’ करून देतो असं सांगणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

सूर्याची पाटी

गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यावर ग्वाल पहाडी इथे राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था आहे. 1982 मध्ये सौर ऊर्जा केंद्र म्हणून ती सुरू झाली आणि 2013 मध्ये स्वायत्त संस्था झाली. 2015 पासून ती देशभर ‘सूर्यमित्र’ नावाचं प्रशिक्षण चालवते: सहाशे तास, साधारण तीन महिने, राहण्या-जेवणासकट निवासी आणि विनाशुल्क, सर्व खर्च सरकारचा. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, फिटर किंवा डिप्लोमाधारक, वय अठराच्या पुढे, अशांसाठी ते आखलेलं आहे. लक्ष्मीबाई नगरहून ग्वाल पहाडी म्हणजे मेट्रो आणि पुढे रिक्षा. घरापासून इतक्या जवळ या दर्जाची संस्था पुण्या-मुंबईच्या मुलालाही मिळत नाही.

एक गोष्ट मात्र उघड सांगतो. सूर्यमित्रात मुख्यतः वीज बनवणारी पॅनेलं शिकवतात, पाणी तापवणारे सौर बंब नव्हे. सौर बंबांवरचं केंद्राचं अनुदान 2014 च्या सुमारास बंद झालं आणि सरकारी लक्ष वीज बनवणाऱ्या छतांकडे वळलं. तरीही हे प्रशिक्षण उबेच्या कामाचं आहे, कारण पॅनेल आणि हीट पंप ही जोडी आता जुळते आहे. दुपारी पॅनेल वीज देत असतं, घरात वापर नसतो. टायमर लावून तेव्हाच हीट पंपाने टाकी तापवून ठेवली तर ती सकाळपर्यंत बऱ्यापैकी गरम राहते. इलेक्ट्रिशियनला टायमर, अर्थिंग, गळती होताच वीज तोडणारी आरसीसीबी आणि वायरची जाडी हे चार विषय पक्के आले की ही जोडणी त्याच्या हातची.

या कामाला गिऱ्हाईक येतंय ते ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून. 13 फेब्रुवारी 2024 ला ती जाहीर झाली, खर्च 75,021 कोटी, लक्ष्य एक कोटी घरं. तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला 78,000 रुपयांपर्यंत केंद्राचं अनुदान; दिल्ली सरकारने 2025 मध्ये त्यावर आणखी 30,000 जोडले. इथे क्वार्टरवाल्यांचा हिरमोड होतो. अर्जदाराकडे स्वतःचं घर आणि स्वतःचं छत हवं, आणि क्वार्टरचं छत सरकारचं असतं. म्हणून लक्ष्मीबाई नगरमधला कारागीर काम शोधायला पिलंजी, कोटला, सफदरजंग एन्क्लेव्हच्या स्वतंत्र घरांकडे जाईल, आणि क्वार्टरमध्ये तो हीट पंप नि एसीचंच काम करेल. शेजारच्या सरोजिनी नगर, नेताजी नगर, पूर्व किदवई नगरकडे पाहिलं तरी दिशा कळते. दोन मजली क्वार्टरं पाडून तिथे उंच टॉवर उभे राहत आहेत. अशा टॉवरच्या छतावर सगळ्या घरांचे सौर बंब मावत नाहीत. तिथे हीट पंपच लागणार.

तरीही सौर बंबाचं शिक्षण सोडून देऊ नका, विशेषतः गावाकडून आलेल्या प्लंबरने. पुण्यात गच्चीवरचा सोलर ही अगदी रोजची गोष्ट. महापालिका सोलर, गांडूळखत, पर्जन्यजलसंचय यांवर मालमत्ता करात सवलत देते. तिथे काम केलेला कारागीर दिल्लीत आला की दोन ठिकाणी अडखळतो. एक म्हणजे कोन. पुणं साडेअठरा अक्षांशांवर आहे, दिल्ली साडेअठ्ठावीसच्या पुढे. हिवाळ्यातला सूर्य पकडायला इथे दक्षिणेकडे तोंड करून चाळीस-पंचेचाळीस अंशांचा कल लागतो. पुण्याचा स्टँड इथे तसाच ठेवला तर जानेवारीत, म्हणजे नेमक्या गरजेच्या महिन्यात, पाणी कोमट राहतं. दुसरं म्हणजे पाण्याचा जडपणा. दक्षिण दिल्लीत बोअरचं पाणी जिथे मिसळतं तिथे काचेच्या नळ्यांत आणि गिझरच्या कॉइलवर क्षार पटापट साचतात. वर्षातून एकदा नळ्या धुणं, टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा दांडा तपासणं, हे ज्याला येतं त्याचं गिऱ्हाईक तुटत नाही. शिवाय रिकाम्या तापलेल्या नळ्यांत भर दुपारी गार पाणी सोडू नये, नळी तडकते. सूर्योदयाआधी किंवा मावळल्यावरच भरावं. गरम लाइनला साधा पीव्हीसी पाइप घालू नये, सीपीव्हीसी किंवा कंपोझिट घालावा आणि त्यावर उष्णतारोधक नळी चढवावी. छतावरून दोन मजले खाली येईपर्यंत पाणी गार होत असेल, तर दोष सूर्याचा नसतो.

जुन्या मराठी घरांत तांब्याचा बंब असायचा, त्याला फुंकणी लागायची. आताचा बंब फुंकणी मागत नाही, पण प्लंबर शिकलेला मागतो.

आयटीआय आणि उमेदवारी

ज्या मुलाच्या हाताशी दोन वर्षं आहेत, त्याने अल्पकालीन कोर्सच्या मागे लागू नये. आयटीआयमधला ‘मेकॅनिक रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग’ हा दोन वर्षांचा ट्रेड घ्यावा. इलेक्ट्रिशियनचाही दोन वर्षांचा आहे आणि सोलर टेक्निशियनचा एका वर्षाचा. दक्षिण आणि मध्य दिल्लीत मालवीय नगर, निजामुद्दीनजवळची अरब की सराय आणि पूसा या आयटीआय आहेत. कुठे कोणता ट्रेड आणि किती जागा, हे प्रवेशाच्या वेळी तपासा. अर्ज उन्हाळ्यात, निकालानंतर निघतात आणि पहिल्या फेरीत नाव लागलं नाही तर पुढच्या फेऱ्यांचं वेळापत्रक बघत राहावं लागतं. फी नाममात्र असते.

पण आयटीआयइतकीच, किंवा माझ्या मते त्याहून मोलाची, गोष्ट आहे उमेदवारी. 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला उमेदवार घेणं बंधनकारक आहे आणि चार ते एकोणतीस माणसं असलेल्या दुकानाला ते ऐच्छिक आहे. ही दुसरी अट किती एसीवाल्या दुकानदारांना माहीत आहे? ‘राष्ट्रीय अ‍ॅप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजने’त उमेदवाराच्या विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के, महिन्याला कमाल 1,500 रुपये, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरतं. चार माणसांच्या दुकानाने नोंदणी केली तर पोराला कायदेशीर विद्यावेतन, सरकारी प्रमाणपत्र आणि मालकाला खर्चात वाटा, सगळं मिळतं. आज तोच पोरगा ‘हेल्पर’ म्हणून शिडी धरतो आणि त्याच्या नावावर काही जमा होत नाही. मालकांनो, अ‍ॅप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी करायला पॅन, जीएसटी असल्यास तो, बँक खातं आणि एक संध्याकाळ लागते.

शिक्षण अर्धवट सुटलेल्यांसाठी जन शिक्षण संस्था आहेत: वय 15 ते 45, अक्षरओळखीपासून बारावीपर्यंत कोणीही. प्लंबिंग आणि विजेची प्राथमिक कामं तिथे शिकता येतात आणि बायकांचं प्रमाण तिथे नेहमीच मोठं असतं. एसी किंवा गिझर दुरुस्तीला बाई आली तर दुपारी एकटी असलेली गृहिणी निश्चिंत दार उघडते, हा व्यवसायाचा साधा फायदा प्रशिक्षण केंद्रांनी अजून ओळखलेला नाही.

एका ठिकाणी फुकट रांग लावू नका. ‘पीएम विश्वकर्मा’ ही योजना सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे. प्रशिक्षणात रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये. पण त्यातल्या अठरा व्यवसायांत सुतार, लोहार, गवंडी, कुंभार, न्हावी, शिंपी वगैरे पारंपरिक कारागीर आहेत. एसी मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर त्या यादीत नाहीत. बांधकामावर काम करणाऱ्या प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनने त्याऐवजी दिल्ली बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करावी. वय 18 ते 60 आणि गेल्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम, एवढी अट आहे. मंडळाकडे उपकराचा पैसा असतो आणि कौशल्य प्रशिक्षण त्याच्या कामांत येतं.

आणि गावाकडच्या भाच्याला ताबडतोब दिल्लीत बोलावण्याआधी एकदा महाराष्ट्राचा हिशेब करा. तिथे 2023 च्या ऑक्टोबरमध्ये 511 प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू झाली. 2024 मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये महिना विद्यावेतन ठरलं. पण त्याला महाराष्ट्राचा अधिवास लागतो. दिल्लीत दहा वर्षं काढलेल्या कुटुंबातल्या मुलाला तो मिळेल का, हे तहसीलमध्ये विचारूनच पुढचं ठरवा. माझं मत विचाराल तर आयटीआय गावाजवळ करावी आणि उमेदवारीला दिल्लीत यावं. इथे एसी जास्त आहेत.

कॉलनीने काय करायचं

आरडब्ल्यूएवाल्यांना वाटतं, प्रशिक्षण हा सरकारचा आणि मुलांचा प्रश्न. तसं नाही. आरपीएलची बॅच कॉलनीत भरवता येते. केंद्राला पुरेशी माणसं आणि एक हॉल हवा असतो. केंद्र सरकारी वसाहतींत समाज सदनं आणि बारातघरं असतात. तुमच्या ब्लॉकमध्ये येणारे एसीवाले, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांची यादी केली तर वीस-पंचवीस नावं सहज जमतील. यादी घेऊन प्रशिक्षण केंद्राकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्स सेक्टर स्किल्स कौन्सिलकडे लेखी मागणी करा. एसीच्या कामांची मानकं तीच ठरवते. सौर कामांसाठी 2015 मध्ये स्थापन झालेली स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्स आहे. क्वार्टरांची देखभाल करणाऱ्या सीपीडब्ल्यूडीच्या एन्क्वायरीवर, म्हणजे तक्रार कार्यालयात, बसणाऱ्या कंत्राटी वायरमनलाही त्यात घ्या. गिझरची तक्रार शेवटी त्याच्याकडेच जाते. आणि हीट पंपासाठी भिंतीला भोक पाडायचं किंवा बाहेर स्टँड लावायचा असेल, तर एन्क्वायरीला विचारल्याशिवाय हात लावू नका. क्वार्टर सोडताना त्याचा हिशेब निघतो.

दिल्लीत प्रदूषण वाढल्यावर लागू होणाऱ्या ग्रॅप नियमांत आरडब्ल्यूएंवर एक जबाबदारी आधीच आहे: पहारेकरी, सफाई आणि बागकाम करणाऱ्यांना हिवाळ्यात विजेचे हीटर द्यायचे, म्हणजे ते लाकूड-कचरा पेटवणार नाहीत. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेले लोक कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. पहारेकऱ्याच्या केबिनला हीटर देतानाच तिथली अर्थिंग आणि सोळा अँपिअरचा सॉकेट तपासून घ्या. बॅचमधल्या उमेदवारांना सरावासाठी याहून चांगलं काम मिळणार नाही.

घरमालकाकडेही शिकवण्याची ताकद असते आणि ती फुकट असते. एसी घेताना बीईईचे तारे बघता, पण ते तारे भारतातल्या थंडाव्याच्या मोजमापावर दिलेले असतात. ऊब किती देतो आणि त्यासाठी किती वॉट घेतो, हे दोन आकडे वेगळे विचारा; दुकानदाराला शोधावे लागले तर लागू देत. मेकॅनिक दारात आला की व्हॅक्यूम पंप आणि काटा आणला का ते विचारा. नसेल तर दोनशे रुपये जास्त देऊन आणणाऱ्याला बोलवा. कॉलनीतल्या दहा घरांनी हा हट्ट धरला की बाजारात त्या काट्याची किंमत ठरते आणि प्रमाणपत्राला अर्थ येतो. सरकारी पैशाने शिकलेल्या हाताला काम कोणी दिलं नाही, तर तो पुन्हा अंदाजाने गॅस भरू लागतो.

वेळेचा एक हिशेब शेवटी. एसीवाला एप्रिल ते जुलै मिळतच नाही, आणि डिसेंबर उजाडला की गिझर-हीटरच्या तक्रारींनी त्याचा फोन वाजत राहतो. मधले ऑगस्ट-सप्टेंबर त्याला मोकळे असतात. म्हणून आरपीएलची मागणी जूनमध्येच लेखी करा, यादी जुलैत पक्की करा, आणि पाऊस ओसरेपर्यंत बॅच संपवा. दिवाळीनंतर मागितलेली बॅच त्या हिवाळ्यात कोणाच्याच कामी येत नाही.